पूर्वी सादर केल्याप्रमाणे

“मने, तुझं नाव घातलंय गं.”

अण्णांचा हा आवाज आतल्या खोलीतून आला होता, आणि ती तेव्हा दारात एका पायावर उभी राहून चपलेचा पट्टा सोडवत होती. सत्तावीस वर्षं झाली त्याला. अण्णा जाऊनही अकरा वर्षं झाली, पण आवाजाला कुठलं वय. तो अजून तसाच येतो, हातातलं काम मनासारखं उतरलेल्या माणसाचा, जरा घोगरा, शेवटच्या ‘गं’वर किंचित उचललेला. पट्टा सुटला, पाय गार फरशीवर टेकला, आणि वाटभर जे वाक्य ती जिभेवर घोळवत आली होती ते तिथंच विरलं. आत अण्णा मांडीवर फळी घेऊन बसले होते. फळीवर कागद, कागदावर ओली शाई. नगरपालिका दर तीन वर्षांनी जमिनीची मोजणी करणाऱ्या संस्थांची यादी करायची. यादीत नाव असेल त्याला कामं, नसेल त्यानं दुसरा रस्ता धरावा. आणि यादीत बसायचं तर संस्थेत मोजणीची परीक्षा उत्तीर्ण झालेली तीन माणसं हवीत. अण्णा एक, मास्तर दोन. तिसरं माणूस म्हणून त्यांनी मुलीचं नाव लिहून टाकलं होतं, कारण चारला खिडकी बंद होणार होती आणि निकालही त्याच दिवशी लागायचा होता. “म्हटलं थांबायचं कशाला,” ते म्हणाले आणि कागदावर हलकेच फुंकर घातली, “पोरगी कुणाची आहे.” ती निकाल बघूनच आली होती. चारही लेखी पेपरांत पास, तोंडी परीक्षेत नापास. तिनं कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, “अक्षर छान आलंय, अण्णा.”

“ऐकतेस ना, मने?” दादा विचारत होता. चष्म्याच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांची कचेरी. दोन खिडक्या, नकाशांच्या गुंडाळ्यांनी छताला भिडलेलं एक कपाट, कोपऱ्यात दुर्बिणीची तिपाई, कुणी बस म्हणेना म्हणून तिष्ठत राहिलेल्या पाहुण्यासारखी. अण्णांच्या मागं दुसरीकडची नोकरी सोडून थोरल्या भावानं हे सगळं अंगावर घेतलं होतं, आणि अंगावर घेतल्यासारखंच तो बसायचा, खांदे पुढे घालून. नगरपालिकेची यंदाची सूचनापुस्तिका तो शाळेतल्या मुलासारखी मोठ्यानं वाचत होता. उद्या चार वाजेपर्यंत प्रस्ताव द्यायचा होता. “कलम सात. ‘पूर्वी सादर केल्याप्रमाणे हा शेरा यापुढे ग्राह्य धरला जाणार नाही. प्रत्येक पात्र व्यक्तीचे मूळ प्रमाणपत्र पडताळणीसाठी आणावे.’ ठळक अक्षरात आहे, आणि खाली रेघ.” त्यानं पुस्तिकेवरून तिच्याकडे बघितलं. “हे तुझ्यासाठीच लिहिलेलं दिसतंय. हा शेरा तुझा. तुझ्याशिवाय कोण लिहितं असलं सोवळं?”

मास्तर हसले. ते अडुसष्ट वर्षांचे होते, पूर्वी तांत्रिक शाळेत शिकवायचे, आणि कपातला चहा बशीत ओतताना त्यांचा हात इतका थरथरायचा की चहा आपला आपणच बशीत जायचा. “माझं तर फ्रेममध्ये आहे,” ते म्हणाले. “बायकोनं लग्नानंतर पहिल्या महिन्यात केलेली फ्रेम. काढायला गेलं तर काचेलाच चिकटून येईल.”

“फ्रेमसकट आणा,” दादा म्हणाला. “आणि मने, तुझं?”

“घरी असेल. बघते,” ती म्हणाली. किती सहज म्हणाली. तिलाच नवल वाटलं. छातीत कुठंतरी खोल, विहिरीत दगड पडल्यावर उशिरानं येतो तसा आवाज आला आणि पाण्यानं तो झाकूनही टाकला.

शेरा तिचाच होता, ते मात्र खरं. पहिल्या वेळी अण्णांनी लिहिलं होतं, ‘प्रमाणपत्र हाती येताच सादर करू.’ त्यात लबाडी नव्हती. ते बापाचं हरखणं होतं, थोडं पुढं धावलेलं. तीन वर्षांनी पुन्हा यादी निघाली तेव्हा अण्णांचे डोळे दुखत होते, आणि फाईल तिच्यापुढे आली. नाव, वय, शिक्षण, अनुभव, पुरावा. पुराव्याच्या रकान्याशी ती थांबली. टंकलेखनयंत्राच्या कळांवर बोटं ठेवून बसून राहिली, रस्त्यावरून कुणीतरी लोखंडी शिडी ओढत नेत होतं, तिचा खरखराट संपेपर्यंत. आणि मग बोटांनी आपोआप ते तीन शब्द टिपले: पूर्वी सादर केल्याप्रमाणे. काय वाक्य होतं ते. त्यात खोटं कुठं आहे म्हणून कुणी बोट ठेवू म्हटलं तर ठेवता येऊ नये. जिथं पूर्वीचं बघायला जावं तिथं आणखी पूर्वीकडे बोट दाखवलेलं. एकटं पडू नये म्हणून तिनं तोच शेरा मास्तरांच्या नावापुढेही लिहिला, अण्णांच्याही. खोट्याला सोबत दोन खऱ्यांची. खिडकीतल्या कारकुनानं पान उलटलं आणि शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज ऐकून ती घरी आली आणि दुपारीच झोपली, संध्याकाळपर्यंत.

नंतर ते सोपं झालं, आणि सोपं झालं हेच अवघड झालं. दर तीन वर्षांनी तिच्या नावापुढचा अनुभव तीन वर्षांनी वाढायचा. खोटंसुद्धा वयात येतं, त्यालाही बढती मिळते. तिचं खोटं कनिष्ठचं वरिष्ठ झालं, वरिष्ठचं प्रमुख झालं. परीक्षा पुन्हा द्यायचं तिनं मनात आणलं नव्हतं असं नाही. पण अर्जावर मालकाची सही लागायची, आणि मालक म्हणजे अण्णा. प्रवेशपत्र टपालानं यायचं, आणि घरचं सगळं टपाल अण्णा फोडायचे, जेवणाआधी, एका ओळीत लावून. आणि समजा चोरून दिली, पास झाली, तरी प्रमाणपत्रावर तारीख पुढची पडणार. ते दाखवायचं म्हणजे मागचं उघडं करायचं. ज्या दारातून बाहेर पडायचं त्याच्या आतल्या बाजूला तिनंच कडी घातली होती, आणि कडीवर स्वतःचंच नाव. असं करत चाळिशी गेली. स्थळं आली तीही गेली. पत्रिकेत काय लिहायचं, पोरगी किती शिकली, हा प्रश्न कुणी विचारला की अण्णा छाती काढून सांगायचे, आणि ती आत जाऊन नळ सोडायची.

आणि काम? काम तर तिला येत होतं. हातात मुरलं होतं. सहाव्या वर्षी ती अण्णांबरोबर माळावर गेली होती, त्यांच्या पायाशी मोजणीची साखळी सरपटत होती, आणि ते चालीवर म्हणत होते, ‘साखळी ओढ ताठ, नको पडू देऊ गाठ, भुई सांगेल वाट, आपण तिचे भाट.’ तिला भाट म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण भुई बोलते हे तिनं त्या दिवशी मान्य करून टाकलं. शहराच्या निम्म्या गटारांचे उतार तिनं काढले होते. दुर्बिणीला डोळा लावला की पलीकडची पट्टी, तिच्यावरचे लाल-काळे आकडे, त्यांच्या मागं हवेचं थरथरणं, आणि मधोमध ती आडवी बारीक रेघ, जगातली एकुलती एक गोष्ट जी सरळ असायची. पाणी कुणाला प्रमाणपत्र विचारत नाही, ती स्वतःला सांगायची. उतार असेल तर जातं, नसेल तर साचतं. पण हे म्हणायलाच. शाळेच्या फाटकाशी रस्त्यावर दोन बोटं पाणी साचायचं, कुणी सडा-पाणी केलं तरी साचायचं, आणि ती गेली नऊ वर्षं त्या रस्त्यानं जाताना वाकडी वाट करून ते बघून यायची. उतार तिनं काढलेला. ठेकेदारानं खडी कमी घातली असेल, पाइप खचला असेल, काहीही असेल. तिच्या जागी दादा असता तर म्हणाला असता, “ठेकेदार चोर आहे,” आणि पुढं गेला असता. तिला म्हणता येत नव्हतं. मास्तरांचंही एकदा चुकलं होतं, चांगलं हातभर चुकलं होतं, तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा मोजलं, झालं. प्रमाणपत्र म्हणजे दुसरं काही नसतं, तिला हळूहळू कळलं, तो चुकायचा परवाना असतो. ज्याच्याकडे तो नाही त्यानं एकदाही चुकायचं नाही. सत्तावीस वर्षं एकदाही न चुकायचं म्हणजे माणूस श्वाससुद्धा मोजून घ्यायला लागतो.

दुपारी ती घरी गेली. कचेरीपासून दहा मिनिटांवर अण्णांच्या दोन खोल्या, आता तिच्या. पलंगाखालची पेटी ओढली आणि ती शोधायला लागली. शोधल्यासारखं करायला घरात कुणी नव्हतं, तरी ती खरंच शोधत होती. पिवळ्या पडलेल्या पावत्या, अण्णांची डोळ्यांची चिठ्ठी, आईचा एकच फोटो, विजेच्या बिलांची सुतळीनं बांधलेली चळत. प्रत्येक लिफाफ्यात ती दोन बोटं घालून बघत होती. पेटीच्या तळाला पोचल्यावर, जुन्या वर्तमानपत्राखाली हात फिरवून तो रिकामा वर आल्यावर, तिला चक्क वाईट वाटलं. जे कधी नव्हतंच ते न सापडल्याचं दुःख. इतक्या वर्षांत कुठंतरी मनानं ते छापून आणलं होतं की काय. त्याचा कागद जाड, कडा किंचित रंगीत, खाली गोल शिक्का. तिला तो दिसतही होता.

“आत्या, मी आले गं मदतीला,” दारातून हाक आली. दादाची मुलगी. चोवीस वर्षांची, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंच, आणि नाव पडलं होतं बारकी. जन्मली तेव्हा एका तळहातावर मावायची म्हणे. “बाबा म्हणाले, आत्याला चष्म्याशिवाय चष्मा सापडत नाही, जा.” ती येऊन फरशीवर फतकल मारून बसली आणि डबे उघडायला लागली.

“डब्यात कसं असेल ते?”

“तुझं काही सांगता येत नाही. मागं विम्याचा कागद पिठाच्या डब्यात निघाला होता.”

“तो अण्णांनी ठेवला होता. चोर पिठाला हात घालत नाहीत म्हणून.”

बारकी हसली. तिचं हसणं या खोल्यांना जरा मोठंच होतं. दहा दिवसांनी ती निघणार होती. समुद्राचा तळ मोजणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरी लागली होती, दुसऱ्या शहरात, बोटीवर. दुर्बिणीऐवजी आवाज सोडायचा आणि तो तळाला लागून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं. हे ती आत्याला चारदा सांगून चुकली होती आणि पाचव्यांदा सांगत होती. “म्हणजे बघ, हाक मारायची आणि थांबायचं. खोल असेल तिथनं उशिरा ओ येते.” मग तिनं डबा खाली ठेवला. “बाबा आधी नकोच म्हणत होते. माहितीये ना तुला? म्हणाले, घरची संस्था सोडून बोटीवर काय मासे मोजायला जातेस? मग आईनं विचारलं, इथं तिची गरज आहे का? तर गप्प बसले, आणि म्हणाले, मनी आहे, मास्तर आहेत, मी आहे, तिघं झालो. जाऊ दे पोरीला.” तिनं आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तू आहेस म्हणून सुटले बघ मी.”

तो हात ऊबदार होता आणि त्याला पिठाचा वास येत होता. मनी त्या हाताकडे बघत राहिली. आत्ता सांगावं, तिला वाटलं, आत्ता, या हाताला सांगावं, बाकी कुणाला नाही. पण मग? सांगितलं तर तीनातला एक जातो. तिसरा कोण मग? परीक्षा पास झालेलं, ताजं, करकरीत प्रमाणपत्र हातात असलेलं घरचं माणूस एकच आहे, आणि ते इथं फरशीवर बसून पिठाच्या डब्यात हात घालतंय. आणि यादीत नाव नुसतं येत नाही. खाली ओळ असते, ‘सदर व्यक्ती पुढील तीन वर्षे संस्थेत पूर्णवेळ राहील.’ तीन वर्षं. तीनाची सहा होतात, सहाची नऊ, हे मनीला पाठ होतं. आणि नाव न देता गप्प बसावं तर संस्था यादीतून जाते. अकरा माणसं पोसली जात होती त्या यादीवर. नगरपालिकेशिवाय त्यांना कोण काम देत होतं? खोटं बोललं तर बारकी सुटते. खरं बोललं तर अडकते. एवढी वर्षं ज्याच्या ओझ्यानं ती वाकली होती त्या खोट्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चांगलं काम मिळालं होतं, आणि आता ते तिच्याकडे बघून हसत होतं.

“आत्या, सरळ त्या परीक्षा मंडळाला फोन करते,” बारकी उठली. “दुसरी प्रत देतात. बैठक क्रमांक आठवतो का?”

“दोनशे सतरा,” तिच्या तोंडून निघून गेलं. खोटा नंबर सांगायचं सुचलंच नाही. दोनशे सतरा. लांबलचक टेबलापलीकडे तिघं बसले होते, मधल्याच्या हातात पेन्सिलीचा तुकडा. त्यानं विचारलं होतं, “समपातळी म्हणजे काय, आपल्या शब्दात सांगा.” आपल्या शब्दात. पुस्तकातलं तिला येत होतं, ओळन् ओळ. पण आपल्या शब्दात म्हटल्यावर तिला माळ दिसला, थांबलेलं तळं, तळ्याच्या कडेनं चालणारे अण्णा; सगळं दिसलं आणि शब्द एकही आला नाही. पेन्सिल टेबलावर टकटक वाजत राहिली. मधला म्हणाला, “बरं, या.”

बारकी फोनवर बोलत होती, हं, हं करत होती, खिडकीच्या गजावर बोटानं काहीतरी लिहीत होती. “त्या वर्षाचं दप्तर गोदामात आहे म्हणे. आठ दिवस लागतील.” तिनं फोन ठेवला. “जाऊ दे. बाबा काढतील काहीतरी वाट.” मनीनं पेटीचं झाकण लावलं. आठ दिवस. फाशी पुढं ढकलली की माणसाला भूक लागते. उभ्या उभ्या ती दोन घोट पाणी प्यायली आणि तिनं हात पुसले.

वाट दादानं संध्याकाळीच काढली होती. सकाळी ती आली तेव्हा टेबलावर शपथपत्र तयार होतं. दादा खिडकीतल्या कारकुनाशी फोनवर बोलला होता. हरवल्याचं शपथपत्र चालेल, पडताळणीवाल्याला शंका आलीच तर पर्यायी नाव द्या, असं तो म्हणाला होता. “गाव गोळा करण्यापेक्षा ही एक सही बरी,” दादा म्हणाला. “नोटरी खाली चष्म्याच्या दुकानात येऊन बसतो अकराला. त्याच्या डोळ्याला नंबर आलाय, तो चष्मा बघेल, तू सही कर.”

मास्तर आले ते चादरीत गुंडाळलेली फ्रेम काखेत घेऊन. टेबलावर ठेवून त्यांनी ती उलगडली, एखाद्या तान्ह्याचं दुपटं सोडवावं तशी. काचेआड तरुण अक्षरातलं त्यांचं नाव. “भिंतीवर चौकोनी डाग पडलाय,” ते म्हणाले. “बायको म्हणते, संध्याकाळच्या आत परत आणा, तो डाग माझ्याकडे बघतोय.”

“मास्तर, तुमच्याकडे बघणारं घरात काहीतरी आहे हे बरंय,” दादा म्हणाला.

“तू हस. तुझं पुठ्ठ्याच्या फाईलमध्ये आहे, वाळवी लागली की कळेल.”

मनी फाईल शिवायला बसली. हे तिचं दर वेळचं काम. पानं जुळवायची, आकडे टाकायचे, दाभणानं तीन भोकं पाडायची आणि पांढरा दोरा ओवायचा. सुटी पानं नगरपालिका घेत नाही. संस्थेनं केलेल्या कामांची यादी. कामं पूर्ण झाल्याचे दाखले. यंत्रसामग्री. आणि मग माणसं, एकेका पानावर एकेक. दोरा ओढताना तिला नेहमी बरं वाटायचं, सुईमागून दोरा जातो तसं मन कशाच्या तरी मागं जायचं. आज जात नव्हतं. शिक्क्याची शाई वाळली होती म्हणून ती दादाच्या टेबलाशी गेली आणि तिनं खालचा खण ओढला. शाईची डबी होती. डबीखाली एक पान होतं, स्वच्छ, नुकतंच छापलेलं. पात्र व्यक्ती क्रमांक तीन. आणि नाव बारकीचं, खरं, पूर्ण, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं. शिक्षण, क्रमांक, तारीख. सदर व्यक्ती पुढील तीन वर्षे. खाली सहीसाठी रिकामी ओळ.

दादानं मान वर केली. दोघांची नजर त्या खणावर भेटली. “असू दे ते,” तो हळू म्हणाला. “लागलंच तर. शंका-बिंका काढली त्यांनी तर ऐन वेळी कुठं धावू? तिला बोलू नकोस एवढ्यात, उगाच जीव वरखाली करेल.” मग जरा थांबून, जणू स्वतःलाच: “घरची पोरगी आहे. नाही कशाला म्हणेल?”

त्यात लबाडी नव्हती. हेच तर. तो अण्णांसारखाच होता, तसाच कष्टाळू, तसाच घाईत, पोरीच्या अभिमानानं तसाच आंधळा. मनीनं खण आत ढकलला. डबी घेऊन जागेवर आली. हात धुवावासा वाटला, पण हाताला काही लागलं नव्हतं. शिवायचं थांबवून ती बसून राहिली. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं कापड दिसत होतं, वारा पडला की ओघळणारं, आला की दोरीला ओढणारं, पण दोरी सोडून न जाणारं. सही केली तर आज भागेल. आठ दिवसांनी गोदामातलं दप्तर निघेल, कुणीतरी दोनशे सतरावर बोट ठेवेल, आणि शंका आली की खण उघडेल. सही केली नाही तर खण आत्ताच उघडेल. दोन्ही वाटा त्याच खणाशी जात होत्या. म्हणजे तिच्या खोट्यानं बारकीला सोडवलं नव्हतंच. नुसतं थोडा वेळ बाहेर उभं केलं होतं. एवढी वर्षं तिला वाटत आलं होतं की आपण गप्प बसलो म्हणून ही भिंत उभी आहे. भिंत होती कुठं? रिकामी जागा होती, तीन नंबरची, आणि तिला माणूस लागत होतं. घरचं असेल तर जास्तच बरं.

जिन्यावर पावलं वाजली, दोन दोन पायऱ्या एकदम. बारकी. “नोटरी आला खाली,” तिनं दारातूनच सांगितलं. “तीन चष्मे लावून बघितले, तिन्हीत म्हणतोय दुकानदार जाड दिसतो. चल, आत्या.” ती आत आली, फ्रेमवर वाकली, मास्तरांच्या तरुण अक्षराकडे बघून तिनं शिट्टी वाजवली.

दादानं शपथपत्र मनीपुढे सरकवलं आणि पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं. ‘माझे मूळ प्रमाणपत्र गहाळ झाले असून.’ तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. गहाळ. हरवायलासुद्धा आधी जवळ असावं लागतं. तिनं पेन टेबलावर आडवं ठेवलं; ते घरंगळत फ्रेमपर्यंत गेलं आणि तिथं थांबलं.

“काय झालं?” दादा म्हणाला. “काही चुकलंय का त्यात?”

“हरवलं नाही ते,” मनी म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला, कुठंतरी खालून, उशिरानं आल्यासारखा. “नव्हतंच. तोंडी परीक्षेत मी नापास झाले, दादा. निकाल बघून घरी आले तर अण्णांनी नाव घातलेलं होतं. त्यांचं राहू दे. पुढच्या वेळेपासून मी घातलं. आठ वेळा.”

मास्तरांनी फ्रेमवर चादर ओढली, का कोण जाणे, काच झाकून टाकावी असं त्यांना वाटलं असावं. बारकी आत्याकडे बघत होती, तोंड किंचित उघडं, पुढचं वाक्य कुणाचं आहे ते न कळलेल्या माणसासारखी. दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उतरत गेलं. राग असेल असं मनीला वाटलं होतं, पण तो राग नव्हता, ते नुसतं वजन होतं. मग त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा. आणि तिच्याकडे न बघता, कुणाकडेच न बघता, अकरा माणसांचं पोट आणि चारची खिडकी ध्यानात ठेवणाऱ्या माणसाच्या सवयीनं, त्याचा हात टेबलाच्या खाली गेला. खणाची मूठ खडखडली.

मनी उठली. टेबलाला वळसा घालून ती बारकीजवळ जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की त्या उंच पोरीच्या खांद्यापाशी तिचं डोकं आलं.

“बारके,” ती म्हणाली, “त्या खणात तुझ्या नावाचं एक पान आहे. तुला विचारायचं राहून गेलंय.”